पायगाडी आणि पायांतले गोळे

घोड्यावरून दूरच्या प्रवासास निघणारा मनुष्य स्वतःच्या आधीं घोड्याची सोय पाहत असे. खोगीर टोचतें कीं काय, दाणावैरण वेळेवर मिळाली कीं नाहीं, चढण लागण्यापूर्वीं जनावरास दम खाऊं दिला कीं नाहीं, याकडे त्याचें लक्ष असे. कारण वाटेंत घोडा बसला कीं स्वारही तेथेंच बसला, हें त्यास पक्कें ठाऊक होतें. पायगाडीची गोष्ट वेगळी. तेथें स्वार तोच आणि घोडाही तोच. हुकूम सोडणारें डोकें आणि राबणारे दोन पाय एकाच मालकाचे असल्यामुळें घोड्याची चौकशी करण्यास कोणी उरतच नाहीं. चाकांत हवा किती आहे, साखळीला तेल आहे कीं नाहीं, हें पाहणारे पुष्कळ आहेत. पायांची विचारपूस मात्र पाय बोलूं लागल्यावरच होते. आणि ते बोलूं लागले म्हणजे हलक्या आवाजांत बोलत नाहींत.

रत्नागिरी जिल्ह्यांत, दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर आंजर्लें हें गांव आहे. जोग नदीच्या खाडीच्या मुखाशीं, माडापोफळींच्या आड तें वसलें आहे. गांवावरच्या डोंगरावर 'कड्यावरचा गणपति' या नांवानें प्रसिद्ध असलेलें देऊळ असून तेथून समुद्र, खाडी आणि हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग हीं एकदम दृष्टीस पडतात. पूर्वीं हर्णैच्या बाजूनें येणारा उतारू होडींत बसून खाडी ओलांडीत असे. आतां खाडीवर पूल झाला आहे, आणि हिंवाळ्याच्या दिवसांत त्या पुलावरून सायकलस्वारांच्या टोळ्या जातांना दिसतात. कोणी दापोलीचे असतात, कोणी पुण्यामुंबईहून सह्याद्रि उतरून आलेले असतात.

समजा, अशाच एका टोळींत पुण्याचा एक गृहस्थ आहे. वय पन्नाशीच्या पलीकडे. निघतांना घरांतून सूचना मिळालीच होती : "अहो, आतां हें वय का सायकलीवरून कोंकणांत जाण्याचें?" त्यावर त्यानें हंसून वेळ मारून नेली. पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशीं दापोलीचा माथा सोडून आसूदच्या उताराला लागल्यावर तर अंगांत वारें भरल्यासारखें झालें. हर्णै मागें पडली, पूल ओलांडला, आणि उन्हाच्या वेळीं देवळाकडची चढण सुरू झाली. बरोबरच्या तरुणांच्या मागें पडूं नये म्हणून त्यानें नेट लावला. अर्ध्या चढणीवर उजव्या पोटरींत कांहींतरी फडफडलें, आणि पुढच्याच क्षणीं ती दगडासारखी घट्ट झाली. कसाबसा उतरून तो रस्त्याच्या कडेला बसला. वेदना दोनतीन मिनिटांत ओसरली. पण मनांत जी शंका बसली ती ओसरेना. घरचें बोलणें खरें ठरलें कीं काय? सायकल आतां कायमची भिंतीला टेकवून ठेवण्याची वेळ आली कीं काय?

हा प्रश्न एकट्या त्या गृहस्थाचा नाहीं. दूर पल्ल्याची सायकल चालविणाऱ्या पुष्कळांना तो केव्हां ना केव्हां पडतो, आणि त्यांतील कित्येक जण चुकीचें उत्तर देऊन एका चांगल्या व्यायामास मुकतात. म्हणून पायांत गोळा येतो तो कां येतो, आणि तो येऊं नये यासाठीं काय करावें, हें नीट समजून घेणें इष्ट आहे.

प्रथम दोन गोष्टी निराळ्या केल्या पाहिजेत. एक आहे पाय आखडणें. तासन् तास एकाच बैठकींत राहिल्यानें मांडीमागचे स्नायु, खुब्यापुढचे स्नायु आणि कंबर हीं ताठरतात. उतरल्यावर सरळ उभें राहण्यास क्षणभर जड जातें. हा ताठरपणा हळूहळू येतो आणि हालचालीनें जातो. दुसरी गोष्ट म्हणजे गोळा येणें. कोणी यास पेटका म्हणतात, कोणी वांब येणें म्हणतात. यांत स्नायु एकाएकीं आपल्या हुकुमाबाहेर आंवळला जातो आणि सैल हो म्हटल्यानें सैल होत नाहीं. आखडणें ही सूचना समजावी. गोळा हा तिच्याकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम पुष्कळदां असतो.

गोळा कां येतो, याविषयीं फार दिवस एकच समजूत होती : घामाबरोबर पाणी आणि मीठ शरीराबाहेर जातें, म्हणून स्नायु बिघडतात. ही समजूत निराधार नव्हती. १९२० नंतरच्या दशकांत इंग्लंडमधील खोल व उष्ण कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या मजुरांना भयंकर गोळे येत. हे मजूर घाम गाळीत आणि भांडींच्या भांडीं साधें पाणी पीत. जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्यांच्या पिण्याच्या पाण्यांत थोडें मीठ घालण्यांत आलें आणि त्यांचा त्रास कमी झाला. तेव्हांपासून गोळा म्हटला कीं मीठ, हें समीकरण रूढ झालें.

परंतु या समीकरणांत एक अडचण राहिली. मीठ जातें तें साऱ्या शरीरांतून. मग गोळा नेमका त्याच पोटरींत कां यावा, जी दिवसभर राबली? हात, मान, पाठ हीं तशींच घामेजलेलीं असतात. तीं कां मोकळीं राहावीं? शिवाय नुसत्या ताणण्यानें गोळा सुटतो. ताणण्यानें कांहीं रक्तांत मीठ वाढत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील श्वेल्नस या वैद्यानें १९९७ सालीं दुसरा विचार मांडला. त्याच्या मतें दोष मुख्यतः थकलेल्या स्नायूच्या नियंत्रणांत आहे. पुढें २०११ सालीं त्याच्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झालेल्या पाहणींत २१० स्पर्धकांची तपासणी झाली. हे लोक एकाच दिवसांत पोहणें, १८० किलोमीटर सायकल चालविणें आणि ४२ किलोमीटर धावणें अशी तिहेरी शर्यत करणारे होते. ज्यांना गोळे आले आणि ज्यांना आले नाहींत, त्यांच्या शरीरांतील पाण्यांत किंवा रक्तांतील क्षारांत महत्त्वाचा फरक आढळला नाहीं. फरक आढळला तो दोन बाबतींत : गोळे आलेल्यांनीं शर्यतींत वेग अधिक धरला होता, आणि त्यांना पूर्वींही गोळे आलेले होते.

स्नायूचें नियंत्रण कसें चालतें, हें घोड्याच्याच उदाहरणानें सांगतां येईल. प्रत्येक स्नायूच्या पोटांत सूक्ष्म संवेदक असतात. स्नायु ताणला गेला कीं ते मज्जारज्जूकडे निरोप धाडतात आणि स्नायूस आंवळण्याचा हुकूम मिळतो. ही जणूं घोड्यास मारलेली टाच. स्नायु जेथें शिरेंत रूपांतर पावून हाडास जोडला जातो, तेथें दुसरे संवेदक असतात. शिरेवर ओढ वाढली कीं ते आवरण्याचा निरोप धाडतात, हा लगाम. ताज्या स्नायूंत टाच आणि लगाम यांचा तोल राहतो. स्नायु अतिशय थकला म्हणजे टांचेचा जोर वाढतो आणि लगाम ढिला पडतो, असें दिसून आलें आहे. त्यांतून तो स्नायु आधींच आखूड अवस्थेंत काम करीत असेल, तर शिरेवर ओढ थोडी आणि लगाम अधिकच ढिला. चढणीवर चवडा खालीं रोंवून नेट लावणाऱ्या पोटरीची अवस्था नेमकी अशीच असते. पाय ताणला कीं शिरेवर ओढ बसते, लगाम पुन्हा खेंचला जातो, आणि गोळा सुटतो.

या मताला पुष्टि देणारा एक मजेदार प्रयोग २०१० सालीं अमेरिकेंत झाला. कांहीं तरुणांचें शरीर घामानें थोडें शुष्क करून विजेच्या सौम्य धक्क्यानें त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूंत गोळा आणण्यांत आला. मग एकदां साधें पाणी आणि एकदां काकडीच्या लोणच्याचें खारट-आंबट पाणी पाजलें. पाणी प्याल्यावर गोळा सरासरी १३४ सेकंद टिकला. लोणच्याच्या पाण्यानें तो सुमारें ८५ सेकंदांत सुटला. इतक्या थोड्या वेळांत तें पाणी पोटांतून रक्तांत पोंचणें शक्य नव्हतें. तेव्हां घशाला लागलेल्या आंबट तिखट चवीनेंच मज्जातंतूंच्या द्वारें खवळलेल्या स्नायूस आवर घातला असावा, असा तर्क संशोधकांनीं केला. कोंकणांतल्या प्रवाशास यासाठीं परदेशी काकडीचें लोणचें शोधण्याचें कारण नाहीं. आगळाचा एक झणझणीत घोट किंवा लिंबाच्या लोणच्याची फोड जवळ ठेवण्यास कांहीं हरकत नसावी. प्रयोग मात्र लोणच्याच्या पाण्यावर झाला, आगळावर झाला नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

आतां प्रत्यक्ष गोळा आल्यावर काय करावें तें पाहूं. पहिली गोष्ट, नेट लावणें तत्काळ थांबवावें. सपाटीवर किंवा उतारावर असल्यास पाय मारणें बंद करून गोळा आलेला पाय खालच्या बाजूस ठेवावा आणि टाच पायट्याच्या खालीं दाबावी; पुष्कळदां एवढ्यानेंच पोटरी सुटते. चढणीवर असल्यास निमूटपणें उतरावें. ज्यांचे जोडे पायट्यांत अडकणारे असतात त्यांनीं फडफड सुरू होतांच पाय मोकळा करून घ्यावा. पूर्ण गोळा आल्यावर पाय पिळून सोडविणें कठीण जातें आणि पडण्याची भीति असते.

खालीं उतरल्यावर, गोळा पोटरींत असेल तर पाय गुडघ्यांत सरळ ठेवून बसावें आणि बोटें हातानें आपल्याकडे ओढावीं. किंवा भिंतीस अथवा झाडास हात टेकून तो पाय मागें सरळ ठेवावा आणि टाच जमिनीस चिकटवावी. मांडीच्या पुढच्या भागांत असेल तर कशाचा तरी आधार घेऊन उभें राहावें, गुडघा दुमडून पाऊल मागून धरावें आणि टाच कुल्ल्याकडे आणावी. गुडघा जमिनीच्या रोखानें राहूं द्यावा. मांडीच्या मागें असेल तर टाच एखाद्या बुटक्या बांधावर ठेवून गुडघा सरळ करावा आणि पाठ न वांकवितां कमरेंतून पुढें झुकावें. प्रत्येक ताण वीस ते तीस सेकंद, हिसका न देतां, सावकाश द्यावा, सोडावा, पुन्हा द्यावा. मग तळहातानें हलकें चोळावें. गांठ फोडल्यासारखें बोटांनीं रगडूं नये, त्यानें स्नायु दुखावतो. गोळा सुटला म्हणून लगेच पहिल्या वेगानें निघणें ही नेहमींची चूक आहे. थकलेला स्नायु थोडा वेळ चिडलेलाच असतो. पांचदहा मिनिटें चालावें, नंतर हलक्या गिअरवर सावकाश पाय फिरवावे.

हें झालें तात्पुरतें. खरा उपाय घरून निघण्यापूर्वींच सुरू होतो, आणि त्यांत पहिली तपासणी बैठकीची. बैठक फार खालीं असली तर गुडघा सदा दुमडलेला राहतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर सगळा भार पडतो. फार वर असली तर पाय पुरा पोंचण्यासाठीं चवडा ताणावा लागतो, कंबर डावीउजवीकडे डोलते, आणि पोटरी व मांडीमागचा भाग थकतो. जुळणीची सोपी रीति अशी : भिंतीला टेकून सायकलीवर बसावें, पायटा अगदीं खालीं आणावा आणि त्यावर टाच ठेवावी. त्या वेळीं गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग पाय मारण्याच्या वेळीं पायट्यावर चवडा येतो तेव्हां गुडघ्यांत थोडा बांक आपोआप राहतो. ज्यांना पोटरींतच वारंवार गोळे येतात त्यांनीं पाऊल पायट्यावर किंचित् पुढें सरकवून पाहावें, म्हणजे पायट्याचा आंस चवड्याच्या थोडा मागें येतो आणि पोटरीवरचा भार हलका होतो. कोणताही फेरफार एका वेळीं थोडाच करावा आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशीं तर मुळींच करूं नये.

दुसरी गोष्ट गिअरची. जड गिअर लावून मिनिटाला पन्नाससाठ फेरे दमानें दाबण्यापेक्षां हलका गिअर लावून ऐंशीच्या आसपास फेरे मारणें लांबच्या वाटेवर पायांना पुष्कळ सोसवतें. तितकेंच अंतर तुटतें. पण प्रत्येक फेऱ्यास लागणारा नेट कमी होतो. चढण दिसूं लागतांच गिअर हलका करावा, अर्ध्या चढणीपर्यंत वाट पाहूं नये. आणि ताठरपणा टाळण्यासाठीं दर पंधरावीस मिनिटांनीं बैठकीवरून उठून क्षणभर पायट्यांवर उभें राहावें, हातांची पकड बदलावी, तासादीडतासानें उतरून चार पावलें चालावीं. उतारावर पाय अगदीं निश्चल ठेवूं नयेत. रिकामे कां होईना, फिरवीत राहावे.

तिसरी गोष्ट पाणी आणि मीठ. गोळ्यांचें एकमेव कारण मीठ नसलें तरी तें निरुपयोगी ठरत नाहीं. ज्याच्या अंगांतून फार घाम जातो, ज्याच्या कपड्यांवर वाळल्यावर पांढरे मिठाचे पट्टे दिसतात, त्यानें तर त्याची विशेष काळजी घ्यावी. किनाऱ्यावर हा प्रश्न अधिक बिकट असतो. देशावरच्या कोरड्या हवेंत घाम वाळतो आणि अंग निवतें. आंजर्ल्यासारख्या ठिकाणीं हवा आधींच ओलसर असते. घाम वाळत नाहीं, नुसता निथळतो. शरीर निवत नाहीं म्हणून आणखी घाम सोडतें. घाटमाथ्यावरून आलेल्यास हा फरक ध्यानांत येत नाहीं आणि घरच्याच वेगानें तो पाय मारीत राहतो. एक लिटर घामांत साधारणपणें एक ग्रॅमच्या आसपास सोडियम जातें; माणसामाणसांत हें प्रमाण पुष्कळ कमीअधिक असतें.

म्हणून तहान लागेल तसें, थोडें थोडें, वारंवार प्यावें. बहुतेकांस तासाला अर्धा ते पाऊण लिटर पुरतें. एक लिटर पाण्यांत पाव चहाचा चमचा मीठ, चारपांच चमचे साखर आणि लिंबू किंवा कोकम, हें पेय घरींच होतें. मीठ घातलेलें ताक चांगलें. शहाळ्याच्या पाण्यांत पोटॅशियम पुष्कळ असतें, सोडियम त्या मानानें थोडें. म्हणून शहाळ्याबरोबर कांहीं खारट खावें. परंतु गोळा येईल या भीतीनें साधें पाणी बळेंच ढोसणें घातक आहे. त्यानें रक्तांतील सोडियम फार उतरतें. डोकें दुखणें, मळमळ, बोटें सुजणें, गोंधळल्यासारखें होणें हीं त्याचीं लक्षणें होत, आणि प्रसंगीं जीवावर बेततें. ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनीं जादा मीठ आपल्या डॉक्टरांस विचारूनच घ्यावें.

चौथी गोष्ट अन्नाची. स्नायूंतील साखरेचा सांठा संपत आला कीं थकवा लवकर येतो, आणि थकव्यामागून गोळा. दीडदोन तासांहून लांब प्रवास असेल तर दर तासाला एकदोन केळीं, गूळपोळीचा तुकडा, खजूर असें कांहीं खात राहावें. केळ्यांतील पोटॅशियमनें आलेला गोळा लगेच सुटतो, ही समजूत मात्र टिकत नाहीं. तें रक्तांत पोंचण्यास बराच वेळ लागतो. केळें उपयोगी पडतें तें त्यांतील साखरेमुळें. सकाळीं निघतांना मऊ भाताची मीठ घातलेली पेज आणि लोणचें, हा कोंकणांतला जुना नाश्ता सायकलस्वाराच्या गरजेस किती जुळतो, हें सांगावयास नको : त्यांत पाणी आहे, मीठ आहे, आणि हलकें पिष्टही आहे.

पांचवी गोष्ट, आणि सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे बेत. २०११ सालच्या त्या पाहणीचा बोध हाच कीं, ज्या वेगाची स्नायूला संवय नाहीं तो वेग धरल्यानें गोळा येतो. रविवारीं सपाटीवर तीस किलोमीटर जाणाऱ्यानें एकदम घाटाचे शंभर किलोमीटर करावयाचे म्हटलें तर पाय तक्रार करणारच. अंतर दर आठवड्यास फार तर दहाव्या हिश्शानें वाढवावें. डोंगराळ मुलखांत जावयाचें असेल तर आधीं घरजवळच्या टेकडीवर चढण्याचा सराव करावा. पुण्याच्या माणसास सिंहगडाची वाट आहेच. जुन्या तालमींतील बैठका आणि पायरीच्या कडेवर उभें राहून टाचा उचलण्याचा व्यायाम यांनीं मांडी व पोटरी चिवट होते. पहिलीं पंधरावीस मिनिटें पाय हलकेच फिरवावे, आणि मुक्कामावर पोंचल्यावर, अंग गरम आहे तोंच वर सांगितलेले ताण एकेकदां द्यावे.

लांब पल्ल्याचीं मोठमोठीं माणसें या बेतानेंच गेलेलीं आहेत. १९२३ सालच्या ऑक्टोबरांत मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारें ४४,००० मैल तुडवून १९२८ सालीं परत आले. त्यांच्या सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते. अलीकडे, २०१५ सालीं, नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांनीं मिळून नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. आणि २०१७ सालीं तीच शर्यत लष्करांतील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनीं व त्यांच्या पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं एकट्यानें, बारा दिवसांच्या मुदतींत, पार पाडली. यांचे पाय कांहीं निराळ्या धातूचे नव्हते. वर्षांच्या सरावानें त्यांनीं आपला बेत विस्तारला होता.

प्रवासाच्या रात्रीं अंथरुणांत येणारे गोळे हा आणखी एक त्रास. वय वाढतें तसा तो सायकल न चालविणाऱ्यांसही होतो. नेदर्लंड्समध्यें २०१२ सालीं पंचावन्न वर्षांवरील लोकांवर झालेल्या एका प्रयोगांत रोज निजण्यापूर्वीं पोटरी व मांडीमागचे स्नायु ताणल्यानें सहा आठवड्यांत अशा गोळ्यांची संख्या कमी झाली. औषधांच्या बाबतींत मात्र सावध राहावें. क्विनीन एके काळीं यासाठीं सर्रास देत. पण तें रक्तावर व हृदयावर गंभीर परिणाम करूं शकतें, म्हणून अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें २०१० सालीं पायांतल्या गोळ्यांसाठीं तें वापरण्याविरुद्ध इशारा दिला. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा खप मोठा आहे. तथापि वयस्कर माणसांच्या पेटक्यांवर त्यांचा म्हणण्यासारखा उपयोग होण्याचा संभव कमी, असाच निष्कर्ष आजवरच्या प्रयोगांतून निघाला आहे.

शेवटीं एक गोष्ट घरांतल्या सर्वांनींच लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पायांतलें प्रत्येक दुखणें गोळा नसतें. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, लाल दिसूं लागली आणि ताणूनही दुखणें जाईना, तर शिरेंत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी. अशी पोटरी चोळूं नये, तडक डॉक्टरांकडे जावें. अतिश्रमानंतर लघवीचा रंग चहाच्या कोऱ्या काढ्यासारखा झाला तर स्नायूंची नासाडी होऊन मूत्रपिंडांवर भार पडत असतो. तेथेंही विलंब करूं नये. उन्हांत गोळ्यांबरोबर चक्कर, ओकारी किंवा असंबद्ध बोलणें सुरू झालें तर सावलींत नेऊन अंग पाण्यानें भिजवावें, वारा घालावा आणि मदत बोलवावी. चालण्यानें पोटरी दुखते आणि थांबतांच बरी होते, असें वारंवार घडत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्याव्या. रक्तदाबासाठीं लघवी वाढविणाऱ्या किंवा कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या कांहीं औषधांनींही स्नायु दुखतात; पण तीं आपल्या मनानें बंद करूं नयेत, डॉक्टरांस सांगावें.

आतां आंजर्ल्याच्या चढणीवर बसलेल्या त्या गृहस्थाकडे वळावें. त्याची पोटरी म्हातारी झाली होती काय? वयाबरोबर स्नायूंचें बळ कमी होतें हें खरें. पण त्या दुपारीं घडलें तें निराळें होतें. दोन दिवसांचा थकवा, ओलसर हवा, उतारावर मिळालेला फसवा हुरूप, जड गिअर, आणि विशीपंचविशीच्या मुलांच्या बरोबरीनें चढण्याचा हट्ट, इतक्या गोष्टी एका पोटरीवर येऊन पडल्या होत्या. यांपैकीं वय तेवढें त्याच्या हातचें नव्हतें. बाकी सगळें होतें. त्यानें खरोखर करावयाचें तें इतकेंच कीं, तेथें पंधरा मिनिटें सावलींत बसावें, पाय ताणावा, दोन घोट खारट पाणी प्यावें, आणि राहिलेली चढण सायकल हातांत धरून चालत जावी. घाटांत घोड्यावरून उतरून चालणाऱ्या स्वारास कोणी भित्रा म्हणत नसे. देवळाशीं तो इतरांच्या मागून पोंचेल; सुवर्णदुर्ग तेवढाच दिसेल.

आणि घरीं परतल्यावर सायकल भिंतीला टेकवून ठेवण्याऐवजीं त्यानें बैठक अर्धा बोट वर घ्यावी, सकाळच्या चार बैठका घालाव्या, आणि पुढच्या हिंवाळ्यापर्यंत आठवड्याला थोडें थोडें अंतर वाढवावें. पुढच्या खेपेस त्याच चढणीच्या पायथ्याशीं आल्यावर वेळेवर गिअर हलका केला म्हणजे पाय त्यास वरपर्यंत नेतील, अशी पुष्कळ आशा आहे. नाहीं नेलें, तर उरलेली वाट चालत जाण्यासारखी आहेच.